चिकणमातीतल्या जुन्या ओकच्या रानात चर काढावेत का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. इंग्लंडमध्ये बेडफर्डशायर आणि नॉर्थॅम्प्टनशायर या परगण्यांच्या हद्दीवर तुम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून जुन्या ओकच्या रानाचा आठ एकरांचा तुकडा घेतलाय. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आत घोटाभर पाणी असतं, बूट चिखलात रुतून बसतात. मोठ्या ओकांपैकी काहींचे शेंडे वाळलेत, अ‍ॅशची झाडं मरतायत आणि ओकचं नवं रोप कुठेच दिसत नाही. सांगलीचे तुमचे मामा म्हणाले, जमीन चिबड झालीय, चर काढून पाणी बाहेर घाला. शेजारचा शेतकरी पोकलेन द्यायला तयार आहे. तेव्हा चर किती खोल आणि किती अंतरावर काढावेत, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर आहे: चर काढू नका. मात्र नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही. मामांचा सल्ला त्यांच्या जमिनीपुरता अगदी बरोबर आहे. तो इथे का चालत नाही हे नीट कळलं, तर पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

तुम्ही तीन तक्रारी एकत्र बांधल्या आहेत. पाणी साचतं, मोठी झाडं वाळतात, नवी झाडं येत नाहीत. आणि तिन्हींचं खापर पाण्यावर फोडलंय. मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या, चिकणमातीवरची रानं सांभाळणं हेच माझं काम आहे, आणि नवीन मालकांकडून या तीन तक्रारी बहुतेक वेळा अशाच एकत्र येतात. तपासायला गेलं की कारणं वेगवेगळी निघतात. पाणी हे तर बऱ्याचदा कारणच नसतं. ते त्या रानाचा स्वभाव असतं.

काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून दिसत नाहीत. रान सपाटीवर आहे की उतारावर, बाजूच्या शेताचं पाणी आत येतं का, रानाच्या कडेचा जुना नाला तुंबलाय का. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पाणी पूर्वापार एवढंच साचत होतं, की गेल्या पाच-दहा वर्षांत वाढलंय? आधीच्या मालकाला विचारा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. जुनं ओलं रान ओलंच राहिलं तर त्याला काही होत नाही. त्याला त्रास होतो तो पाण्याची सवय बदलली की. मग ते वाढो नाहीतर कमी होवो.

पोकलेन येऊ देण्याआधी स्वतः कुदळ-फावडं घेऊन एक खड्डा खणा. मोठ्या झाडांच्या बुंध्यांपासून दूर, दोन फूट खोल पुरे. तुमच्या भागात बहुधा असं दिसेल: वरचे चार-सहा इंच काळसर, भुसभुशीत, मुळांनी भरलेले. त्याखाली माती एकदम घट्ट आणि राखाडी होते, आणि त्या राखाडीवर गंजाच्या रंगाचे ठिपके आणि रेघा असतात. ढेकूळ हातात मोडून पाहा. जिथे पूर्वी एखादं मूळ गेलं होतं, तिथे बारीक नळीभोवती तांबूस कडं दिसेल. आणखी खाली खडूचे पांढरे खडे लागले, तर ती हिमनदीने आणून टाकलेली चिकणमाती समजा. सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी बर्फाची चादर या भागावरून गेली, तिने वाटेतला खडू आणि चिकण दळून इथे पसरवलं. खडे नसतील तर तुम्ही त्याहून कितीतरी जुन्या, समुद्राच्या तळाशी साचलेल्या ऑक्सफर्ड क्लेवर उभे आहात. आपल्या कामासाठी दोन्हींचा अर्थ सारखाच: पाणी खाली मुरत नाही.

त्या राखाडी-तांबूस ठिपक्यांत रानाचा इतिहास लिहिलेला असतो. माती पाण्याने गच्च भरली की तिच्यातला प्राणवायू संपतो. मग जमिनीतले सूक्ष्मजीव श्वसनासाठी लोहाच्या संयुगांवर वळतात. त्यात लोहाचं रूप बदलतं, ते पाण्यात विरघळतं आणि जागा सोडतं. मागे राखाडी रंग उरतो. उन्हाळ्यात माती सुकते, भेगांतून आणि मुळांच्या वाटांतून हवा आत शिरते, आणि विरघळलेलं लोह तिथे पुन्हा गंजून बसतं. असे ठसठशीत ठिपके एक-दोन हिवाळ्यांत होत नाहीत. ते सापडले, तर तुमचं रान वर्षानुवर्षं हिवाळ्यात भिजतंय आणि उन्हाळ्यात सुकतंय, आणि तुमचे सगळे ओक याच चक्रात वाढलेत. उलट माती तपकिरी असेल, ठिपके नसतील आणि तरी पाणी साचलेलं असेल, तर पाणी नवं आहे. मग शोध रानाच्या बाहेर घ्या: तुंबलेली मोरी, बुजलेला नाला, नवा रस्ता.

आता सांगलीकडे येऊ. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी चिबड झाल्या त्या बारमाही पाणी देऊन. पाण्याबरोबर क्षार वर आले, उसाच्या मुळांना हवा मिळेना, उतारा घसरला. तिथे चर आणि जमिनीखालचे निचरा-पाइप हाच उपाय आहे, कारण पाण्याबरोबर क्षारही बाहेर काढायचे असतात आणि पीक तर बारा महिने उभं असतं. तुमच्या रानात क्षार नाहीत, पाटपाणी नाही. पाणी साचतं ते हिवाळ्यात, ओक झोपलेला असताना. पानं नसलेल्या झाडाच्या मुळांना त्या थंड मातीत हवा फारच थोडी लागते. एप्रिलच्या अखेरीस-मेमध्ये पानं फुटतात आणि लाखो पानं एकदम पाणी खेचायला लागतात. आपल्याकडे पावसानंतर वाफसा येण्याची वाट पाहतो, तसा या रानाला दर मे-जूनमध्ये वाफसा येतो. फरक एवढाच की तो झाडंच आणतात. ऑगस्टमध्ये जाऊन बघा, घोटाभर पाणी होतं तिथे हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा दिसतील. १९७६च्या दुष्काळात लंडनच्या चिकणमातीवरची किती तरी घरं खचली. मोठी झाडं चिकणमातीतून पाणी ओढतात तेव्हा जमीन अक्षरशः आकसते, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

इंग्लंडमध्ये मुख्यतः दोन जातींचे ओक आहेत. भारी, ओल्या जमिनीवर बहुधा देठाच्या एकॉर्नचा, म्हणजे पेडंक्युलेट ओक असतो. त्याचं फळ, म्हणजे एकॉर्न, लांब देठावर लोंबतं. दुसरा सेसाइल ओक, त्याची फळं फांदीला चिकटून असतात आणि त्याला निचऱ्याची जमीन आवडते. सप्टेंबरमध्ये खाली पडलेल्या फांद्या बघितल्या की ओळख पटेल. पेडंक्युलेट ओकला हिवाळ्यातलं पाणी सोसतं. ऐन वाढीच्या दिवसांत, जून-जुलैमध्ये पाणी आठवडेच्या आठवडे उभं राहिलं, तर मात्र त्याचीही मुळं कुजतात. तेव्हा साचणारं पाणी जूनपर्यंत ओसरतं का, हे नोंदवून ठेवा. ओसरत असेल तर ओकच्या बाजूने पाण्याची चिंता सोडा.

चर काढल्याने नेमकं काय होईल, तेही बघू. अशा जमिनीत ओकची मुळं खोल जात नाहीत. बहुतेक सगळी वरच्या दोन-अडीच फुटांत पसरलेली असतात, आणि पसरतात ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. तीन फुटांचा चर म्हणजे त्याच मुळांवर घाव. बदल्यात मिळतं काय? घट्ट चिकणमातीतून पाणी इतकं हळू सरकतं की चराचा परिणाम दोन्ही बाजूंना काही मीटरच जाणवतो. सगळं रान सुकवायचं तर जवळजवळ चर काढावे लागतील, म्हणजे सगळ्या रानाची मुळं तोडावी लागतील. शिवाय वसंतात मातीत राहिलेलं पाणी ही उन्हाळ्याची शिदोरी असते. ती मार्चमध्ये नाल्यात सोडून दिली, तर जुलैच्या कोरड्या आठवड्यांत झाडांनी काय प्यायचं?

आणि रान म्हणजे फक्त ओक नव्हेत. ओकवर अवलंबून असलेल्या सुमारे २,३०० जातींची नोंद ब्रिटनमध्ये झाली आहे, त्यांतल्या ३२६ तर ओकशिवाय जगूच शकत नाहीत. पण चिकणमातीवरच्या रानाची खरी श्रीमंती मला खाली, पायाशी दिसते. तिथे चार-सहा इंचांच्या उंचसखलपणावर वनस्पती बदलतात. डॉग्ज मर्क्युरी नावाची गर्द हिरवी वनस्पती जिथे दाट पसरलीय, तिथली माती हिवाळ्यातही बरी निचऱ्याची असते. मघाशी सांगितलेलं विरघळलेलं लोह तिच्या मुळांना विषारी ठरतं, म्हणून पाणी साचणारी जागा ती बरोबर टाळते. ब्लूबेललाही फार ओल चालत नाही. त्याहून खोलगट भागात टफ्टेड हेअर-ग्रास या गवताचे मोठाले ठोंब, मेडोस्वीट, लोंबत्या कणसांचा सेज दिसतो. केंब्रिजशायरमधल्या हेली वुडमध्ये, ज्याची नोंद १२५१ सालच्या दस्तऐवजात सापडते, सपाट माथ्यावर पाणी साचतं आणि तिथेच ऑक्सलिप हे फिकट पिवळं फूल तग धरून आहे. पूर्व इंग्लंडच्या थोड्याच भागात ते उगवतं. तुमच्याकडे ते असेल-नसेल, पण पाणी हटवलं की ही सगळी वीण उसवते आणि सगळीकडे एकच एक वनस्पती पसरते, हे तुमच्या रानालाही लागू आहे.

एक काम आत्ताच करण्यासारखं आहे. एप्रिलच्या शेवटी घरातल्या मुलांना घेऊन आठ एकरांचा कागदावर हाताने नकाशा काढा. कुठे मर्क्युरी, कुठे ब्लूबेल, कुठे गवताचे ठोंब, कुठे नुसतं काळं पाणी. दुपारभरात पाण्याचा असा नकाशा हाती येईल, जो कुठल्याही यंत्राने मोजून मिळणार नाही. पांढरं वुड अ‍ॅनिमनी दिसलं तर ठळक खूण करा. ते फार सावकाश पसरतं, त्यामुळे त्याचे मोठे ताटवे दिसले तर रान खरंच जुनं असण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमध्ये १६००पासून अखंड असलेल्या रानाला 'प्राचीन' म्हणतात, आणि अशा रानाची माती कुणी कधी नांगरलेली नसली तर तिची भरपाई कशानेच होत नाही.

खड्ड्यांत हिवाळ्यात साचून उन्हाळ्यात आटणारी डबकीही तशीच राहू द्या. ती आटतात म्हणून त्यांत मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराची पिल्लं वाचतात. ग्रेट क्रेस्टेड न्यूटला तर कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्या डबक्यात पोकलेन घातलं, तर तो गुन्हा ठरू शकतो.

आता शेंडे वाळलेल्या ओकांकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी त्यांची दिसली. इथे दोन अवस्था वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिली: वर सांबराच्या शिंगांसारख्या सुक्या, साल गळून पांढुरक्या पडलेल्या फांद्या, आणि त्याखाली भरगच्च, गडद हिरवा पर्णसंभार. हे झाड मरत नाहीये. त्याने पूर्वी कधीतरी, बहुधा एखाद्या मोठ्या दुष्काळात किंवा मुळांना धक्का बसल्यावर, आपला पसारा आवरता घेतला आणि खालून नवा मुकुट बांधला. असा ओक आणखी शतकभर किंवा जास्तही जगू शकतो. त्या सुक्या फांद्या आणि पोकळ बुंधे म्हणजे वटवाघळं, सुतारपक्षी, भुंगेरे यांची घरं. त्या छाटू नका. पायवाटेवर झुकलेली फांदी असेल, तर फांदी तोडण्याआधी पायवाट हलवता येते का बघा.

दुसरी अवस्था काळजीची आहे. सगळ्याच मुकुटात पानं विरळ, आणि बुंध्यावर सालीच्या उभ्या चिरांतून काळपट द्रव ओघळलेला. हा द्रव बऱ्याच ठिकाणी, अगदी माणसाच्या उंचीवरही दिसतो. सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची, तीनेक मिलिमीटरची छिद्रं असतील तर ती अ‍ॅग्रिलस या भुंगेऱ्याची. काही जिवाणू आणि हा भुंगेरा मिळून 'अक्यूट ओक डिक्लाइन' घडवतात. मिडलँड्समध्ये आणि दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये हा रोग आहे. फोटो काढून फॉरेस्ट रिसर्च या वनसंशोधन संस्थेच्या 'ट्री अलर्ट' या ऑनलाइन नोंदणीवर कळवा. मात्र हेही लक्षात घ्या की हा रोग आधीच थकलेल्या झाडांना गाठतो, आणि चिकणमातीतल्या झाडाला थकवतं ते मुख्यतः हिवाळ्याची ओल आणि उन्हाळ्याची कोरड यांतलं टोकाचं अंतर. चर काढून उन्हाळ्याची कोरड वाढवली तर तुम्ही भुंगेऱ्यालाच मदत कराल.

अ‍ॅशचं प्रकरण पाण्याशी खरोखर जोडलेलं आहे, पण उलट्या बाजूने. अ‍ॅश मरतोय तो 'अ‍ॅश डायबॅक' या बुरशीने. ब्रिटनच्या रानांत ती पहिल्यांदा २०१२ मध्ये आढळली. पाण्याने ती होत नाही. पण अ‍ॅश हा उन्हाळ्यात पाणी उपसणारा मोठा पंप आहे, आणि पंप बंद पडले की जमिनीत पाणी जास्त दिवस रेंगाळतं. अलीकडे पाणी वाढल्याचं कुणी सांगितलं, तर पहिला संशय मी अ‍ॅशवर घेईन. म्हणून मेलेले अ‍ॅश एकदम सगळे पाडू नका. वाटेवर पडतील असे काढा, बाकीचे उभेच वाळू द्या, आणि जे हिरवे राहिलेत त्यांना हातही लावू नका, कारण थोड्या झाडांत या रोगाला तोंड देण्याची ताकद असते आणि पुढचं बियाणं त्यांच्याकडूनच यायचं आहे. मोकळ्या झालेल्या जागी फील्ड मेपल, हॉर्नबीम, अ‍ॅस्पेन आपोआप येत असतील तर येऊ द्या. पंपाचं काम हळूहळू ते घेतील.

आतापर्यंतचं सार: पाणी जुनं असेल तर ते शत्रू नाही, वाळलेले शेंडे म्हणजे मरण नव्हे, आणि अ‍ॅशच्या मरणाला पाणी जबाबदार नाही. उरला तिसरा प्रश्न. ओकची रोपं का नाहीत?

याचं उत्तर बहुतेक रानमालकांना पटायला वेळ लागतो. दाट रानाच्या आत, म्हाताऱ्या ओकखाली, ओकची रोपं टिकत नाहीतच. जमीन कोरडी असती तरी टिकली नसती. एकॉर्नमध्ये शिदोरी भरपूर असते, त्यामुळे रोप सावलीतही उगवतं आणि वर्ष-दोन वर्षं काढतं. पण नंतर त्याला ऊन लागतं. वरच्या झाडावरून अळ्यांचा पाऊस पडतो, त्या कोवळी पानं फस्त करतात. भरीला पांढरी भुरी. ओकवरची भुरी युरोपात १९०७-०८ च्या सुमारास आली आणि काही वर्षांत सगळीकडे पसरली. मोठं झाड ती झटकून टाकतं, सावलीतलं रोप मात्र भुरी आणि अंधार यांपुढे टिकत नाही. ऊन भरपूर असेल तर तेच रोप भुरीतूनही वर येतं.

याचा पुरावा तुमच्यापासून फार लांब नाही. हंटिंग्डनजवळ मंक्स वुड नावाचं चिकणमातीवरचं जुनं रान आहे. त्याला लागून असलेलं चार हेक्टरांचं बार्लीचं शेत १९६१ मध्ये सोडून दिलं. कुणी काही लावलं नाही, कुंपण घातलं नाही. आधी ब्लॅकथॉर्न, हॉथॉर्न, जंगली गुलाब यांची काटेरी जाळी माजली. कावळ्याच्या कुळातला जे नावाचा पक्षी शरद ऋतूत एकॉर्न मातीत खुपसून साठवतो, आणि त्यांतले बरेच त्याला परत सापडत नाहीत. ते काट्यांच्या आत उगवले, हरणांची तोंडं तिथे पोहोचली नाहीत. पन्नासेक वर्षांत तिथे रान उभं राहिलं आणि त्यातली निम्म्याहून अधिक झाडं ओक होती. जमीन तीच, चिकणमाती तीच, पाणी तेच. ओक उगवले ते जुन्या रानाच्या आत नव्हे, त्याच्या कडेबाहेर, उन्हात आणि काट्यांत.

म्हणून शेजारच्या शेतकऱ्याकडे पोकलेन मागू नका, रानाला लागून असलेली त्याच्या शेताची दहा-पंधरा मीटरची पट्टी मागा. भाड्याने, कराराने, जसं जमेल तसं. चिकणमातीच्या शेताच्या रानाकडच्या कडेला सावली असते, पीक तसंही बेताचंच येतं, त्यामुळे शेतकरी बऱ्याचदा तयार होतात. पट्टी नांगरायची नाही, त्यात काहीही करायचं नाही. ब्लॅकथॉर्नला पसरू द्यायचं. पुढचे ओक तिथे येतील. शिवाय तुम्ही ऑक्सफर्ड ते पीटरबरो या चिकणमातीच्या पट्ट्यात आहात, आणि ब्लॅक हेअरस्ट्रीक हे फुलपाखरू ब्रिटनमध्ये प्रामुख्याने याच पट्ट्यात आहे. ते अंडी घालतं ते ब्लॅकथॉर्नवर, आणि त्याला वाऱ्यापासून आडोसा असलेली, ऊन लागणारी, वर्षानुवर्षं न छाटलेली झुडपं लागतात. तुमच्या कडेला जुना ब्लॅकथॉर्न असेल तर तो साफ करण्याचा मोह टाळा. सॅलो नावाच्या विलोचंही तसंच. पर्पल एम्परर या फुलपाखराच्या अळ्या त्यावर वाढतात, आणि नॉर्थॅम्प्टनशायरमधलं फर्मिन वुड्स त्यासाठी प्रसिद्ध आहे.

आता हरणं. तुमच्या भागात मुख्य त्रास मुंटजॅकचा असणार, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचा चिनी भाऊबंद. वोबर्नच्या खासगी उद्यानातून तो मोकळ्या रानात पसरला, आणि वोबर्न तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. तुमच्या रानात गुडघ्याच्या उंचीवरून नजर टाका. जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत सगळं कातरल्यासारखं उघडं आणि त्यावर हिरवं दिसलं, तर ती भेकराची रेघ आहे. हेली वुडमध्ये हरणांनी ऑक्सलिपची फुलं इतकी खाल्ली की रानाच्या मोठ्या भागाला कुंपण घालावं लागलं. आठ एकरांना कुंपण परवडत नसेल, तर अर्ध्या एकराला घाला. त्या अर्ध्या एकरातलं हेझेल हे झुडूप जमिनीलगत कापा, त्याला खालून जोमदार फुटवे येतील. पूर्वी या रानांत हेच चालायचं: खाली हेझेल-अ‍ॅशची ठरावीक वर्षांनी तोडणी, वर इमारती लाकडासाठी राखलेले ओक. १५४३च्या कायद्याने तर तोडणीच्या वेळी एकरी बारा झाडं राखणं सक्तीचं केलं होतं. तोडणीनंतर दोन-तीन वर्षं तिथे पाणी थोडं वाढेल, गवतं आणि रश, म्हणजे लव्हाळे, माजतील. घाबरू नका, फुटवे वाढले की ओसरेल. त्याच उजेडात वर्षानुवर्षं थांबलेली फुलंही वर येतात.

हे सगळं करताना चिखलात जड वाहन घालू नका. ओल्या चिकणमातीवर ट्रॅक्टरचं एक चाक जे दाबतं ते दशकानुदशकं सुटत नाही. हवेच्या पोकळ्या मिटतात आणि तिथे खरोखरची चिबड तयार होते. लाकूड बाहेर काढायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत, एकाच ठरलेल्या वाटेने. स्वतःच्या चालण्यासाठी वाट सुकवू नका, उंच करा: तोडलेल्या हेझेलच्या फांद्या आडव्या टाकल्या तरी हिवाळाभर पुरतं.

कायद्याचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये दर तिमाहीत पाच घनमीटरपर्यंत लाकूड परवान्याशिवाय तोडता येतं, त्यातलं दोनच विकता येतं. त्याहून जास्त तोडायचं तर फॉरेस्ट्री कमिशन या सरकारी वनखात्याचा परवाना लागतो. तोडणीच्या हेझेलसारख्या बारीक खोडांना सूट आहे. तुमचा तुकडा संरक्षित क्षेत्रात येतो का, हे आधी नॅचरल इंग्लंडच्या नकाशावर बघा. येत असेल तर जुन्या नाल्याला हात लावायलाही संमती लागेल.

एकाच परिस्थितीत मी तुम्हाला खणायला सांगेन. शेताचं किंवा रस्त्याचं पाणी नव्याने रानात येत असेल, किंवा कडेचा जुना नाला अलीकडे बुजून पाणी मागे चढत असेल, तर ते अडथळे हाताने काढा. पण रानाच्या कडेने बुटका मातीचा बांध आणि त्याच्या बाहेर खंदक दिसला, तर तो बहुधा मध्ययुगातला, हद्दीचा बांध आहे. त्याला नाला समजून साफ करू नका.

तर आता एवढं करा: खड्ड्याचा फोटो, जूनमध्ये पाणी ओसरलं की नाही याची नोंद, एप्रिलचा वनस्पतींचा नकाशा, आणि शेंडे वाळलेल्या प्रत्येक ओकच्या बुंध्याचा जवळून काढलेला फोटो. हे पाठवलंत की कुठला अर्धा एकर आधी घ्यायचा ते मी सांगू शकेन. आणि मामांना खड्ड्याचा फोटो नक्की दाखवा. काळ्या जमिनीत आयुष्य काढलेल्या माणसाला ते राखाडी-तांबूस ढेकूळ लगेच समजेल.